चार स्पीकर, एक खोली

नवी स्पीकरची जोडी घरात आली की जुनीचे काय करायचे, हा प्रश्न उरतोच. ती अजून चांगली वाजत असते, टाकवत नाही. अनेक ॲम्प्लिफायरवर 'ए', 'बी' आणि 'ए+बी' अशी निवड करण्याची सोय असते. मग दोन्ही जोड्या दिवाणखान्यात एकदम लावल्या जातात आणि आवाज दुपटीने भरीव होईल, अशी आशा धरली जाते. ती कितपत खरी, हे ठरवण्याआधी तारांमध्ये आणि हवेत काय घडते ते पाहायला हवे.

स्पीकर वीजप्रवाहाला जो एकूण विरोध करतो त्याला इम्पिडन्स म्हणतात. तो ओहममध्ये मोजतात. बहुतेक ॲम्प्लिफायरमध्ये 'ए+बी' निवडले की दोन्ही जोड्या समांतर जोडल्या जातात. 8 ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की एकत्रित विरोध 4 ओहम होतो आणि ॲम्प्लिफायरला दुप्पट प्रवाह पुरवावा लागतो. 6 आणि 4 ओहमचे स्पीकर एकत्र आले तर विरोध 2.4 ओहमवर येतो. शिवाय स्पीकरवरचा आकडा ढोबळ असतो. 8 ओहमचा स्पीकर काही स्वरांना 5 ओहमच्या आसपासही उतरतो.

प्रवाह वाढला की उष्णता वाढते. संरक्षक सर्किट असेल तर ॲम्प्लिफायर मध्येच बंद पडतो; नसेल तर त्यातले ट्रान्झिस्टर जळू शकतात. 'ए+बी'साठी किमान किती ओहम चालतील हे ॲम्प्लिफायरच्या मागे किंवा माहितीपुस्तिकेत दिलेले असते. ते वाचल्याशिवाय दुसरी जोडी लावू नये.

ॲम्प्लिफायर हा भार पेलतो असे धरले, तरी मिळते काय? एकूण शक्ती दुप्पट झाली तर आवाज साधारण 3 डेसिबलने वाढतो. कानाला तो दुप्पट वाटायला सुमारे 10 डेसिबलची वाढ लागते.

गमावतो ते मात्र मोठे आहे. ब्रिटिश अभियंता ॲलन ब्लमलीन यांनी 1931 मध्ये स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला. दोनच स्पीकरांमधून ध्वनीचे एक चित्र उभे करता येते, ही त्या कल्पनेची ताकद आहे. दोन स्पीकर आणि ऐकणारा असा समभुज त्रिकोण जमला, की दोन्हीकडून सारखाच येणारा आवाज मधोमध उमटल्यासारखा वाटतो. मैफलीच्या चांगल्या ध्वनिमुद्रणात गायक समोर, तबला एका बाजूला आणि पेटी दुसऱ्या बाजूला ऐकू येते ती त्यामुळेच. कान हे चित्र आवाजाच्या पातळीतल्या आणि वेळेतल्या बारीक फरकांवरून रचतात.

दुसरी जोडी नेमके हेच फरक बिघडवते. समजा, डाव्या बाजूचा एक स्पीकर दुसऱ्यापेक्षा 34 सेंटिमीटर लांब आहे. त्याचा आवाज सुमारे एक सहस्रांश सेकंद उशिरा पोहोचतो. तेवढ्या वेळात 500 हर्ट्झच्या तरंगाचे अर्धे आवर्तन होते. म्हणून एकाचा चढ दुसऱ्याच्या उतारावर पडतो आणि आवाज क्षीण होतो. हेच 1500 आणि 2500 हर्ट्झला घडते. आलेखात फणीच्या दातांसारख्या खाचा दिसतात, म्हणून या परिणामाला 'कोंब फिल्टरिंग' म्हणतात. खोलीतले प्रतिध्वनी या खाचा काहीशा भरून काढतात, पण डोके जरा हलवले की त्या जागा बदलतात. गाणाऱ्याचा गळा पसरट आणि धूसर वाटू लागतो. दोन जोड्या वेगवेगळ्या बनावटीच्या असतील तर हा गोंधळ आणखी वाढतो.

याला अपवाद आहेत. 1957 मध्ये बाजारात आलेले क्वाड कंपनीचे इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर शौकिनांनी पुढे एकावर एक रचून वाजवले. 1970च्या दशकात अमेरिकेत ॲडव्हेंट स्पीकरांच्या दोन जोड्या अशाच रचल्या जात. वरचा स्पीकर उलटा ठेवत, म्हणजे बारीक स्वरांचे दोन्ही ट्वीटर शेजारी येत. स्पीकर तंतोतंत सारखे आणि अगदी जवळ असले, तर समोर बसणाऱ्याला ते बऱ्याच अंशी एकाच उगमासारखे ऐकू येतात. खोलीभर विखुरलेल्या चार भिन्न स्पीकरांना हे लागू होत नाही.

खालच्या स्वरांचे गणित वेगळे आहे. 40 हर्ट्झचा तरंग साडेआठ मीटर लांब असतो. घरगुती खोलीत तो भिंतींमध्ये अडकून कुठे गडगडतो, कुठे गायब होतो. हार्मन कंपनीतल्या टॉड वेल्टी यांनी 2002 मध्ये मांडलेल्या संशोधनात, योग्य जागी ठेवलेल्या अनेक सबवूफरमुळे, म्हणजे खालच्या स्वरांसाठीच्या स्पीकरांमुळे, ही असमानता कमी होते असे दिसले. भरीवपणा हवा असेल तर सबवूफरवरचा खर्च अधिक सार्थकी लागतो.

तेव्हा आमचे मत असे: एका जागी बसून मन लावून ऐकायचे असेल तेव्हा एकच जोडी वाजवावी आणि ती नीट मांडावी. हळदीकुंकवाला किंवा वाढदिवसाला माणसे खोलीभर पांगलेली असतात, त्रिकोणाच्या टोकावर कोणीच नसते. तेव्हा दोन्ही जोड्या मंद आवाजात लावाव्यात, आणि ॲम्प्लिफायरवर 'मोनो'चे बटण असेल तर ते दाबावे, म्हणजे प्रत्येक कोपऱ्यात पूर्ण गाणे पोहोचेल. एरवी जुन्या जोडीची तार शेजारच्या खोलीत न्यावी. 'बी'ची सोय मुख्यतः त्यासाठीच असते.