अपराधाचे ओझे आणि मैत्रीचा हिशेब

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ या चित्रपटाला २०१६ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. त्याच्या निर्मात्यांत मनोविकारतज्ज्ञ डॉ. मोहन आगाशे होते, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेला एक तरुण (आलोक राजवाडे) आणि नैराश्याचे चटके स्वतः सोसलेली जानकी (इरावती हर्षे) यांची कोकणच्या किनाऱ्यावर जमलेली मैत्री, एवढाच त्याचा विषय. नात्याचा धागा नसताना जानकी त्याला आसरा देते. जबाब मागत नाही. किनाऱ्यावर कासवांच्या अंड्यांभोवती कुंपण घालून कुत्र्याकोल्ह्यांपासून ती राखतात. पिले समुद्राकडे आपली आपणच जातात. माणसाने माणसासाठी एवढे राखणे करावे, हे या चित्रपटाचे म्हणणे आहे.

ते मान्य करूनही एक प्रश्न उरतो. जानकीजवळ घर आहे, मोटार आहे, चालक आहे, सवडही आहे. आमच्या रेणापूर तालुक्यातला मुलगा वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या शिकवणीसाठी लातूरला जातो, तेव्हा त्याच्या शुल्कामागे बापाचे कर्ज असते. सोयाबीनचा भाव कोसळला की ते फिटत नाही. मुलगा नापास झाला, तर हे सारे कर्ज आपल्यामुळेच झाले, असे त्याला वाटू लागते. वस्तुतः शेतमालाचा भाव त्याने ठरविलेला नसतो, की शिक्षणाचा बाजारही त्याने मांडलेला नसतो. व्यवस्थेची तूट व्यक्तीच्या खात्यावर अपराध म्हणून नोंदविण्याची ही रीत आहे. या मुलाला जानकी कोठे भेटणार?

उत्तर दयाळू व्यक्तींच्या योगायोगावर सोडता येणार नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याच्या कलम ११५ ने, अन्यथा सिद्ध न झाल्यास, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले आणि तिला शिक्षा करू नये असे ठरविले. तिची शुश्रूषा, उपचार व पुनर्वसन हे सरकारचे कर्तव्य मानले. शासकीय सेवेतून मानसिक उपचार मिळण्याचा हक्कही कायद्यात आहे. तो ग्रामीण रुग्णालयाच्या दारात आणि शिकवणीच्या वसतिगृहात प्रत्यक्षात उतरावा, यासाठी संघटित आग्रह धरणे हे आपले काम आहे. त्याच्या जोडीला शेतमालाच्या रास्त भावाचा लढा हवाच. केवळ समुपदेशनाने कर्ज फिटत नाही.

तोवर ‘कासव’ गावोगावच्या महाविद्यालयांत दाखवावा, आणि तो पाहून झाल्यावर मुलांना बोलू द्यावे. आपण वडीलधाऱ्यांनी त्या वेळी ऐकण्याचे काम करावे.