विश्लेषण : जुना फोटो सुधारताना मूळ कसे जपायचे? ‘लेयर’ का शिकावेत?

अनेक घरांत पणजोबा-पणजीचा एखादाच फोटो उरलेला असतो. कडा दुमडलेल्या, मधोमध घडीची रेघ, ओल लागून उडालेला कोपरा. हल्ली तो मोबाइलवर टिपला जातो, एखाद्या ॲपमध्ये टिचकीसरशी ‘नवा’ होतो आणि कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरू लागतो. काही महिन्यांनी मूळ फोटो कुठे आहे हे कुणालाच सांगता येत नाही आणि ग्रुपवरचा फोटोच खरा मानला जातो. फोटो सुधारण्यात गैर काहीच नाही. पण सुधारताना मूळ शाबूत ठेवण्याची सोय ३० वर्षांहून अधिक काळ उपलब्ध आहे. ती सोय म्हणजे ‘लेयर’. फोटो-संपादन शिकणाऱ्याने रंग, फिल्टर आणि चकचकाटाच्या आधी लेयर का शिकावेत, याचे कारण हेच.

लेयर म्हणजे नेमके काय?

फोटोवर पारदर्शक प्लास्टिक ठेवून त्यावर रंगाचा ठिपका देऊन डाग झाकला, तर वरून पाहणाऱ्याला डाग गेलेला दिसतो. प्लास्टिक उचलले की डाग जागच्या जागी असतो. लेयर म्हणजे हेच पारदर्शक प्लास्टिक, फक्त संगणकाच्या पडद्यावरचे. असे कितीतरी थर एकावर एक ठेवता येतात. वरचा थर खालच्याला झाकतो. थराच्या नावाशेजारी डोळ्याचे चिन्ह असते. त्यावर क्लिक केले की तो थर दिसेनासा होतो, पुन्हा क्लिक केले की परत येतो. ‘ओपॅसिटी’ १०० वरून ४० वर आणली की तो विरळ होतो.

लेयर न वापरता काम केले तर काय होते? डिजिटल फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याचा रंग साधारणपणे ० ते २५५ मधल्या तीन आकड्यांत साठवलेला असतो. थेट फोटोवर ब्रश फिरवला की जुने आकडे जाऊन नवे बसतात. फाइल सेव्ह करून बंद केली की जुने आकडे परत आणण्याचा मार्ग उरत नाही.

ही कल्पना आली कुठून?

थरांची कल्पना छपाईला नवी नाही. राजा रविवर्मा यांच्या छापखान्यातली देवदेवतांची चित्रे शिळाछापाने तयार होत. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड असे आणि सगळे रंग एकावर एक छापल्यावर चित्र पुरे होई. वर्तमानपत्राचे रंगीत पान आजही निळसर, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चार शाईंच्या चार प्लेटमधून उतरते. सचेतपटांच्या सुरुवातीच्या काळात अमेरिकेत अर्ल हर्ड यांनी पारदर्शक सेल्युलॉइडचा वापर रूढ केला. मागचे दृश्य एकदाच रंगवायचे आणि हलणारे पात्र वरच्या पारदर्शक पत्र्यावर काढायचे.

फोटोशॉप १९९० मध्ये बाजारात आले तेव्हा त्यात लेयर नव्हते. चिकटवलेला तुकडा निवडलेला असेपर्यंत हलवता येई. निवड सुटली की तो खालच्या चित्रात कायमचा मिसळे. मागे जाण्याची सोयही एकाच पावलाची होती. १९९४ च्या ३.० आवृत्तीत लेयर आले, १९९६ मध्ये ‘ॲडजस्टमेंट लेयर’ आणि १९९८ मध्ये अनेक पावले मागे जाण्याची ‘हिस्टरी’.

जुन्या फोटोवर ते कसे वापरावेत?

पहिले काम स्कॅनरचे. छोटा फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करून ‘टिफ’ स्वरूपात साठवावा. फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला असेल तर ओढू नये, चित्राचा थर काचेवरच राहून जाण्याची भीती असते. अशा वेळी काचेसकट स्कॅन करणे बरे. ही फाइल उघडल्यावर सर्वात खालचा थर कुलूपबंद करावा. त्याला पुन्हा हात लावायचा नाही.

त्यावर एक रिकामा लेयर घ्यावा आणि धूळ, ओरखडे तिथे झाकावेत. त्यासाठी ‘क्लोन स्टॅम्प’ला सर्व लेयरमधून नमुना घेण्याची सूचना द्यावी लागते. म्हणजे तो रंग खालच्या फोटोतून उचलतो, पण उमटवतो वरच्या रिकाम्या थरावर. घडीच्या रेघेसाठी दुसरा लेयर. फिकेपणा घालवण्यासाठी ‘कर्व्ह्ज’चा ॲडजस्टमेंट लेयर. या थरात चित्र नसते, ‘खालचे इतके गडद दाखव’ एवढी सूचना असते. ती वर्षभरानेही बदलता येते. थरांना ‘डाग’, ‘घडी’, ‘उजेड’ अशी नावे द्यावीत, नाहीतर ‘लेयर १७’ कशाचा हे दुसऱ्या दिवशी आठवत नाही.

खोडरबर की मास्क?

शिकाऊ माणूस लेयरवरचा नको असलेला भाग खोडरबराने पुसतो. त्याऐवजी ‘मास्क’ वापरावा. मास्क हा थराला जोडलेला काळा-पांढरा पडदा असतो. काळे फासले तिथे थर लपतो, पांढरे केले तिथे दिसतो, करड्या भागात अर्धवट दिसतो. कर्व्ह्जमुळे चेहरा उजळला, पण पांढरे धोतर पार धुऊन निघाले, तर मास्कवर धोतराच्या जागी काळा ब्रश फिरवायचा. चूक झाली तर पांढरा. पुसलेले परत येत नाही, झाकलेले परत येते. लेयरचे निम्मे शिक्षण या एका वाक्यात आहे.

जे मुळात उरलेच नाही, त्याचे काय?

कोपरा उडाल्यामुळे अर्धा कान किंवा पदराचा काठ गेलेला असतो. तिथे दुरुस्ती करणारा अंदाजाने काहीतरी भरतो. हा अंदाज वेगळ्या लेयरवर ठेवावा आणि त्याला ‘अंदाज’ असेच नाव द्यावे. कलाकृतींचे जतन करणाऱ्यांत ही शिस्त जुनी आहे. इटलीत चेझारे ब्रांदी यांच्या परंपरेतले तज्ज्ञ भित्तिचित्रातला गळालेला भाग बारीक उभ्या रेघांनी भरतात. लांबून चित्र अखंड दिसते, जवळ गेल्यावर नवे काम कुठले ते ओळखू येते. लेयरमुळे हा प्रामाणिकपणा घरच्या फोटोलाही परवडतो.

एआयची एका टिचकीची दुरुस्ती पुरेशी नाही का?

एआय साधने असंख्य चेहऱ्यांवरून शिकलेली असतात. धूसर चेहरा ‘स्पष्ट’ करताना ती हरवलेला तपशील शोधून काढत नाहीत, तिथे शोभेल असा तपशील रचतात. चेहरा देखणा होतो, पण तो त्याच बाईचा राहतो का? कपाळावरचे गोंदण, गालावरचे देवीचे व्रण, किंचित तिरका डोळा हे सारे अशा साधनाला दोष वाटू शकते आणि ते गुळगुळीत होते. नातवंडांना आजीची ओळख पटते ती बहुधा याच खुणांवरून.

यावर उपाय एआय टाळण्याचा नाही. त्याने दिलेले चित्र मूळ फोटोवर एक लेयर म्हणून ठेवावे, मास्क लावावा आणि ते भिंत, पडदा, कपडे एवढ्यापुरतेच दिसू द्यावे. चेहरा मुळातलाच राहू द्यावा. डोळ्याचे चिन्ह मिटवून-उघडून पाहिले की यंत्राने काय बदलले ते सरळ समोर येते.

फाइल कशी साठवावी? खर्च किती?

‘जेपेग’मध्ये लेयर टिकत नाहीत, सगळे थर एकत्र दाबले जातात. म्हणून कामाची फाइल ‘पीएसडी’ किंवा ‘एक्ससीएफ’ स्वरूपात ठेवावी आणि ग्रुपवर पाठवायला वेगळी जेपेग काढावी. सहा बाय चार इंचांचा फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन केला तर साधारण ८६ लाख ठिपके होतात, म्हणजे दाबून लहान न करता सुमारे २६ एमबी. फोटोची पूर्ण नक्कल असलेला प्रत्येक थर जवळपास तितकीच भर घालतो, सूचनांचा थर मात्र फारच थोडी. आजच्या पेनड्राइव्हला हे ओझे नाही.

फोटोशॉपला पैसे पडतात. ‘गिंप’ मोफत आहे, तर ‘फोटोपी’ ब्राउझरमध्येच मोफत चालते. मार्च २०२५ मध्ये आलेल्या गिंप ३.० मध्ये फिल्टरही नंतर बदलता येतील असे थरावर बसवता येतात.

मूळ जपण्याला इतके महत्त्व कशासाठी?

कारण लेयर जोडतात तसे फसवूही शकतात. २००३ मध्ये इराक युद्धाची दोन छायाचित्रे जोडून एक केल्याबद्दल ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने आपल्या छायाचित्रकाराला काढून टाकले. ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ स्पर्धेत अंतिम टप्प्यातल्या छायाचित्रकारांकडून कॅमेऱ्यातली मूळ फाइल मागवली जाते, ती याच शंकेपोटी. बातमीत जो पुरावा लागतो, तो कुटुंबाच्या आठवणीलाही लागतो.

फोटो दुरुस्तीसाठी स्टुडिओत किंवा डीटीपीच्या दुकानात देताना फक्त चकचकीत प्रिंट घेऊन परतू नये. मूळ फोटो, कोरा स्कॅन आणि लेयरसकट फाइल अशा तिन्ही गोष्टी मागून घ्याव्यात. दुकानदाराने ‘लेयर एकत्र करून टाकले’ असे सांगितले, तर पुढच्या वेळी काम देतानाच अट घालावी. उद्या याहून चांगली साधने येतील आणि घरातलेच कुणीतरी हे काम पुन्हा हाती घेईल. तेव्हा त्याच्या हाती पणजीचा खरा चेहरा असायला हवा.