मोकळीक कोणाला, रांग कोणाची?

टीव्हीवर चर्चा रंगली की 'लिबरल' हा शब्द हल्ली शिवीसारखा कानावर पडतो. 'समाजवादी' म्हटले की कुणी हसतो, 'भांडवलदार' म्हटले की कुणी दातओठ खातो. वर्गातली मुले विचारतात, "मॅडम, यातलं बरोबर कोण?" उत्तरपत्रिकेत या प्रश्नाला चार ओळी पुरतात, घरात पुरत नाहीत. ज्या घरातला मुलगा पहाटे कंपनीच्या बसने चाकणला जातो आणि सात महिन्यांनी त्याला 'ब्रेक' मिळतो, त्या घरात हा प्रश्न महिन्याच्या किराण्याशी बांधलेला आहे.

आधी शब्द नीट समजून घेऊ. उर्दू जाणणाऱ्या वडीलधाऱ्यांना ते परके नाहीत. सरमाया म्हणजे भांडवल, म्हणून भांडवलशाही ती सरमायादारी. इश्तिराक म्हणजे सामायिक वाटा, म्हणून समाजवाद तो इश्तिराकियत. आणि लिबरलिझम म्हणजे आझाद-खयाली, मराठीत उदारमतवाद. उदारमतवाद सांगतो की माणूस आधी. त्याची जात, त्याचा धर्म, त्याचा मालक, त्याचे सरकार हे सगळे नंतर. त्याला विचार करण्याचा, बोलण्याचा, धंदा निवडण्याचा आणि 'नाही' म्हणण्याचा हक्क आहे, आणि कायदा सर्वांना एकच आहे.

१९९१ नंतर आपण आणखी एक शब्द शिकलो, 'उदारीकरण'. त्याचा अर्थ व्यापार-उद्योगावरची सरकारी बंधने सैल करणे. हे दोन शब्द ऐकायला सख्ख्या भावांसारखे वाटतात आणि मुले परीक्षेत एकाच्या जागी दुसरा लिहून येतात. पण उदारीकरण आले म्हणजे उदारमतवाद आलाच असे नाही. हा फरक कळायला पुस्तक लागत नाही. पिंपरीपासून चाकणपर्यंतचा आपला रस्ता पुरेसा आहे. प्रत्येक ठिकाणी दोनच गोष्टी विचारू : इथे मोकळीक कोणाला मिळाली आणि रांगेत कोण उभे राहिले?

सुरुवात पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने १९५४ साली उभा राहिलेला हा सरकारी औषध कारखाना. पेनिसिलिनसारखे जीव वाचवणारे औषध नफ्याच्या हिशेबावर सोडू नये, ते देशाने स्वतः बनवावे, हा त्यामागचा विचार. समाजवादाचा हा सर्वांत चांगला चेहरा. कामगारांना कॉलनी मिळाली, पक्की नोकरी मिळाली. पण १९९७ मध्ये हाच कारखाना आजारी उद्योग ठरला. पुढे कामगारांचे पगार महिनोन्महिने थकले आणि २०१६ च्या डिसेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने कंपनीची जमीन विकून देणी भागवण्याचा निर्णय घेतला. मालक सरकार असले तरी कामगाराला स्वतःच्याच पगारासाठी रांगेत उभे राहावे लागले.

तिथून आकुर्डी. बजाजचा कारखाना खासगी, पण १९५१ च्या उद्योग कायद्यानुसार माल किती बनवायचा हे दिल्लीत ठरायचे. त्यामुळे चेतक स्कूटरसाठी लोक दहा-दहा वर्षे थांबत. नंबर लागला की घरात पेढे वाटत. त्या काळात रांगेत उभे होते ते गिऱ्हाईक. पण आत काम करणाऱ्याला एकदा कायम झाल्यावर उद्याची धास्ती नसे. त्या पगारावर कामगारांनी घरे बांधली, मुलींना शिकवले. म्हणूनच आपल्याकडे आजही जुनी माणसे त्या दिवसांची आठवण काढतात. ती आठवण खोटी नाही, आणि ती रांगही खोटी नव्हती.

आता चाकण. अनेकांना वाटते की इथे उदारमतवाद परदेशी मोटारींबरोबर आला. तो त्याआधीच, कांद्याच्या वखारीतून आला होता. स्वित्झर्लंडमधील नोकरी सोडून शरद जोशी चाकणजवळच्या आंबेठाणला कोरडवाहू शेती करायला आले. १९७९ मध्ये त्यांनी शेतकरी संघटना स्थापन केली आणि चाकणचे कांदा आंदोलन महाराष्ट्रभर गाजले. त्यांचे म्हणणे असे की शहराला आणि कारखान्याला स्वस्त धान्य मिळावे म्हणून सरकार मुद्दाम शेतमालाचे भाव पाडते. शेतकऱ्याला दान नको, बाजारात मोकळीक द्या. पुढे १९९४ मध्ये त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला आणि खुल्या बाजाराची बाजू उघडपणे मांडली. त्याच माणसाने लक्ष्मीमुक्ती मोहिमेतून शेतकऱ्यांना बायकोच्या नावावर जमीन करायला लावली. मोकळीक घराच्या उंबरठ्याच्या आतही असली पाहिजे, हे त्यांना मान्य होते.

१९९१ च्या जुलैमध्ये नवे औद्योगिक धोरण आले आणि बहुतेक उद्योगांची परवाना पद्धत रद्द झाली. गंमत पाहा. दोनच वर्षांनी राहुल बजाज यांच्यासह काही मोठे उद्योगपती, ज्यांना वृत्तपत्रे 'बॉम्बे क्लब' म्हणू लागली, सरकारकडे गेले आणि म्हणाले की परदेशी कंपन्यांशी बरोबरीने लढायला आम्हाला आधी सारखे मैदान द्या. परवान्यांनी बांधलेल्या उद्योगपतीला मोकळीक हवी होती. स्पर्धा दारात आली तेव्हा त्यालाही सरकारचा हात आठवला. विचारसरणी पुस्तकात सरळ रेषेत असते, माणूस मात्र आपण कुठे उभे आहोत ते पाहून बोलतो.

चाकणला बजाज १९९९ मध्ये आली, २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज आल्या. स्कूटरची रांग संपली. आज शोरूमवाला हप्त्यावर गाडी घ्या म्हणून मागे लागतो. रांग आता गेटबाहेर आहे. हातात आयटीआयचे सर्टिफिकेट घेतलेली पोरे उभी असतात : कुणी कंत्राटी, कुणी ट्रेनी. कायमच्या कामगारासारखेच काम, शेजारच्याच मशीनवर, पण पगार वेगळा आणि मुदत ठरलेली. आणि कांदा? २०२३ च्या डिसेंबरात केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली, ती २०२४ च्या मेमध्ये उठली. म्हणजे एकाच रस्त्यावर मोटार जगभर विकायला मोकळी आणि कांदा अडवलेला. उदारीकरण झाले हे खरे, पण ते सर्वांच्या वाट्याला सारखे आले नाही.

२०१३ मध्ये चाकणच्या बजाज कारखान्यातील कामगारांनी सुमारे ५० दिवस काम बंद ठेवले. त्यांच्या मागण्यांत एक अशी होती की प्रत्येक कामगाराला कंपनीचे ५०० शेअर एक रुपया दराने द्यावेत. कंपनीने ती मानली नाही आणि आंदोलन मागे घ्यावे लागले. तरी ही मागणी नीट वाचण्यासारखी आहे. कारखाना सरकारने ताब्यात घ्यावा असे कामगार म्हणत नव्हते. सरमायादारी राहू द्या, पण सरमायात आमचाही वाटा असू द्या, असे म्हणत होते. ही मागणी इश्तिराकियतच्या खान्यात टाकायची की सरमायादारीच्या?

आपल्या थोर माणसांनीही एकाच खान्यात बसणे नाकारले. न्यायमूर्ती रानडे पक्के उदारमतवादी, पण १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात त्यांनी सांगितले की इंग्लंडचे मुक्त व्यापाराचे नियम हिंदुस्थानाला जसेच्या तसे लागू होत नाहीत. इथे उद्योगाला सरकारचे पाठबळ हवे. 'इन्किलाब झिंदाबाद' ही घोषणा देणारे मौलाना हसरत मोहानी १९२५ च्या कानपूर कम्युनिस्ट परिषदेचे स्वागताध्यक्ष झाले, तरी त्यांची नमाज, हज आणि गझल सुटली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ मध्ये मांडलेल्या आराखड्यात मूळ उद्योग सरकारकडे होते आणि त्याच कागदावर प्रत्येक नागरिकाचे व अल्पसंख्याकांचे हक्कही होते. पोटाची हमी आणि नकार देण्याचा हक्क, यातले एक निवडा असे ते म्हणाले नाहीत.

महाराष्ट्राने स्वतःही असा मधला रस्ता शोधला आहे. हमालाचा मालक रोज बदलतो, मग त्याला भविष्यनिर्वाह निधी कोण देणार? १९६९ च्या माथाडी कायद्याने सरकार, मालक आणि कामगार अशा तिघांच्या प्रतिनिधींचे मंडळ नेमले. मालक मजुरी आणि तिच्यावर लेव्ही मंडळाकडे भरतो. मंडळ मजुरी, निधी, औषधपाणी बघते. आज माथाडीच्या नावाखाली खंडणी मागितली जाते अशी चाकणच्या उद्योजकांची तक्रार आहे, आणि तिचा बंदोबस्त व्हायलाच हवा. पण रोज बदलणाऱ्या कामालाही हमी देता येते, हे या कायद्याने दाखवून दिले. कंत्राटी कामगारासाठी आपण तेच का मागू नये?

एक गोष्ट मात्र बाजार स्वतःहून देत नाही. भोसरी-चाकणात खोली पाहायला गेलेल्या मुलाने नाव सांगितले आणि खोली 'कालच गेली', हा अनुभव आपल्या कितीतरी घरांत आहे. घरमालक म्हणेल, माझी खोली, माझी मर्जी. निव्वळ खुल्या बाजाराच्या हिशेबात त्याचे चुकले असे म्हणता येणार नाही. त्याला अडवतो तो उदारमतवाद, कारण तो माणूस आधी पाहतो, नाव नंतर. हाच नियम आपल्या मोहल्ल्यातल्या खोल्यांनाही लागू आहे. परप्रांतीय कामगार, एकटी राहणारी नोकरदार मुलगी यांना आपण काय उत्तर देतो?

तेव्हा पुढच्या वेळी घरात वाद पेटला तर 'तू लिबरल, मी समाजवादी' यात संध्याकाळ घालवू नका. ज्या पक्षाची, ज्या धोरणाची बाजू कुणी घेत असेल, त्याला विचारा : याने मोकळा कोण होणार आणि थांबणार कोण? आणि घरातला मुलगा कंत्राटावर असेल तर त्याचे नेमणूकपत्र, पगाराची पावती आणि पीएफचा नंबर आज रात्रीच बघून घ्या. नसतील तर मागायला सांगा. कायद्याने ते त्याचे आहेत.