किल्लीचा सेल बदलल्यावर

किल्ली म्हटली कीं पूर्वीं घरांतील कर्त्या बाईच्या कमरेचा जुडगा डोळ्यांपुढें उभा राही. त्या किल्लीस खाण्यापिण्यास कांहीं लागत नसे. कुलपांत वर्षाकांठीं तेलाचे दोन थेंब सोडले कीं झालें. मोटारीची हल्लींची किल्ली मात्र खाणारी आहे. तिच्या पोटांत नाण्याएवढा सेल असतो, आणि तो संपला म्हणजे सबंध घराचा खोळंबा होतो.

न्हावा शेवा येथील एका वाचक भगिनीनें याविषयीं आम्हांस सविस्तर लिहिलें आहे. कुटुंब एकत्र, माणसें नऊ, गाडी एक. यजमान बंदरांत पाळीवर जातात. सासूबाईंना दर पंधरवड्यास मुंबईस डॉक्टरांकडे न्यावें लागतें. २०२४ सालीं अटल सेतु खुला झाल्यापासून ती वाट सोपी झाली खरी, पण सेतूवर दुचाकीस मज्जाव, म्हणजे घरच्या वाहनानें जावयाचें तर मोटारच हवी. धाकट्या भाऊजींनीं किल्लीचा सेल बदलला आणि तेव्हांपासून दार उघडेना. एका कार्यशाळेंत ‘नवी किल्लीच घ्या’ असा सल्ला मिळाला. रक्कम ऐकून सासूबाई म्हणाल्या, “एवढ्यांत तर गोदरेजचें कपाट येईल!”

सासूबाईंचा पक्ष आम्हांस पटतो. सेल बदलल्यावर रुसलेली किल्ली बहुधा मेलेली नसते. नवी घेण्यापूर्वीं अर्धा तास तिच्यासाठीं अवश्य काढावा.

आधीं सेलच पहावा. पुष्कळ किल्ल्यांत सीआर २०३२ या जातीचा, तीन व्होल्टचा सेल असतो. या आंकड्यांत त्याचें मापच सांगितलेलें आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. सीआर २०२५ दिसावयास तसाच, पण जाडी २.५, तो २०३२ च्या जागीं बसवला तर सैल राहतो आणि पत्र्याच्या पट्टीस नीट टेंकत नाहीं. अधिक चिन्हाची बाजू पहिल्या सेलाची जशी होती तशीच ठेवावी. शिवाय न्हावा शेवासारख्या खाडीकांठच्या गांवीं हवा खारी. त्या पट्ट्यांवर गंजाचा पातळ थर बसतो व तो सहज दिसतही नाहीं. मुलांच्या दप्तरांतील खोडरबर हलक्या हातानें फिरवावें, कोरड्या फडक्यानें पुसावें, पट्टी चेपली असल्यास किंचित् उचलावी. एवढ्यानेंच कित्येक किल्ल्या बोलूं लागतात.

दार उघडतें पण गाडी सुरू होत नाहीं, अशी तक्रार असेल तर मात्र केरसुणी ताबडतोब थांबवावी! कांहीं किल्ल्यांत सेलाखेरीज एक काळा, चिमुकला तुकडा सुटा ठेवलेला असतो. गाडी त्यालाच ओळखते. त्याला सेलाची गरज नसते, गाडींतील वेटोळ्याकडून मिळणाऱ्या शक्तीवर तो उत्तर देतो. किल्ली उघडतांना तो जमिनीवर पडला आणि कचऱ्यांत गेला, तर मग खरोखरच खर्च आला. किल्ली उघडावयाची ती ताटांत ठेवून.

आतां मुख्य गोष्ट. किल्ली आणि गाडी या दोघी जणूं एकच जपमाळ ओढीत असतात. बटण दाबलें कीं किल्ली एक मणी पुढें सरकते व त्या मण्याचा गुप्त आंकडा उच्चारते. गाडी आपल्या माळेशीं तो ताडून पाहते. पुढचाच, किंवा थोडा अलीकडे-पलीकडे नव्हे तर पुढेंच असलेला मणी असेल तर दार उघडते. मागला मणी ती कधींच मानीत नाहीं, म्हणून चोरानें पूर्वीं वापरलेला आंकडा हवेंतून टिपून ठेवला तरी तो फुकट जातो. १९८० नंतरच्या दशकांत दक्षिण आफ्रिकेंत निघालेली ‘कीलॉक’ ही अशा पद्धतींपैकीं एक प्रसिद्ध पद्धति. १९९५ सालीं ती अमेरिकेंतील मायक्रोचिप कंपनीनें विकत घेतली. तींत साधारणपणें १६ मण्यांपर्यंतचा फरक गाडी चालवून घेते. त्याहून अधिक पडला तर लागोपाठ दोन आंकडे बरोबर आल्याखेरीज ती विश्वास ठेवीत नाहीं. बहुतेक किल्ल्या सेल काढला तरी आपला मणी विसरत नाहींत. कांहीं मात्र विसरतात. आणि घरांत चार वर्षांचा नातू असेल, तर वरच्या माडीवर बसून तो किती मणी पुढें नेतो हें कोणीं मोजावें?

उपाय असा. गाडीशेजारीं उभें राहून बटण दोनतीनदां दाबावें. न जमल्यास किल्लीच्या पोटांत लपविलेलें लोखंडी पातें काढून दार उघडावें (गाडीनें भोंगा वाजवला तर घाबरूं नये, शेजाऱ्यांस मात्र आधीं सांगून ठेवावें). बटणानें सुरू होणारी गाडी असल्यास किल्ली त्या बटणास टेंकवून धरली कीं बहुधा सुरू होते. सासूबाईंचें डॉक्टरांकडे जाणें अडत नाहीं. पुन्हां जुळवणी करण्याची रीत प्रत्येक गाडीची निराळी. ती गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकांत असते, आणि तें पुस्तक बहुशः कोरेंच राहिलेलें असतें. कांहीं गाड्यांना कार्यशाळेंतील यंत्रच लागतें. तेथें जाऊन ‘जुळवणी करा’ म्हणावें. ‘नवी द्या’ म्हणूं नये.

या सर्व खटपटींत काढलेला जुना सेल कोठें गेला, हें कोणी विचारीत नाहीं. आणि आमच्या मतें किल्लीपेक्षां त्याचीच चिंता अधिक. संपलेल्या सेलांतही लेंकराच्या अन्ननलिकेस भाजण्याइतकी शक्ति उरलेली असते. तो तेथें अडकला तर दोन तासांतही गंभीर इजा होते. २० मिलिमीटरचा आकार नेमका अडकणारा. गिळल्याचा नुसता संशय आला तरी ओकारी काढूं नये, तडक क्ष-किरणाची सोय असलेल्या रुग्णालयांत न्यावें. मूल एक वर्षावरचें असेल, गिळून बारा तास झाले नसतील व त्यास गिळतां येत असेल, तर वाटेंत दर दहा मिनिटांनीं दोन चमचे मध, सहा वेळांपर्यंत, द्यावा; मधासाठीं निघण्यास उशीर मात्र करूं नये. वर्षाच्या आंतील बाळास मध मुळींच देऊं नये. कांहीं कारखानदार हल्लीं सेलावर अतिशय कडू लेप देतात, तो याचसाठीं. गंमत अशी कीं, त्या लेपामुळेंच क्वचित् पट्टीस स्पर्श होत नाहीं व नवा सेल चालत नाहीं. तेव्हां लेप खरवडण्यापेक्षां दुसरा सेल आणावा.

जुन्या सेलाच्या दोन्ही बाजूंस चिकटपट्टी लावून तो उंच फळीवरील डब्यांत ठेवावा. २०२२ च्या बॅटरी-नियमांप्रमाणें असे सेल परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. दुकानदार घेत असेल तर त्यास द्यावे, घरच्या केरांत टाकूं नयेत.