विशेषणांच्या इमारती

पुण्या-मुंबईच्या गृहप्रकल्पांच्या जाहिरातींत 'निसर्गाच्या कुशीत', 'हरित जीवनशैली', 'पर्यावरणस्नेही घरे' ही शब्दकळा इतकी रुळली आहे, की तिचा अर्थ विचारण्याचे कुणाला सुचत नाही. विशेषण नामाचा गुण सांगते, असे आम्ही वर्गात शिकवतो. येथे ते नामाला झाकते. जगातील कर्बवायू उत्सर्जनात सिमेंटनिर्मितीचा वाटा सुमारे ७ ते ८ टक्के आहे. गुळगुळीत माहितीपत्रकांत त्याचा उल्लेख सहसा आढळत नाही.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ऑक्टोबर २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार 'हरित', 'शाश्वत' असे मोघम शब्द पुराव्याविना आणि खुलाशाविना जाहिरातीत वापरता येत नाहीत. शब्दाला अर्थाचा जाब विचारण्याचे आपले काम अखेर कायद्याला करावे लागले!

कायदा खोटे अडवील. खरे कसे लिहावे, हे तो शिकवणार नाही. सांडपाण्यावर प्रक्रिया होत असेल, तर रोज किती लिटर पाणी पुन्हा वापरात येते? ताबा दिल्यावर त्या यंत्रणेचा खर्च कोण सोसणार? सिमेंटमध्ये फ्लाय अ‍ॅश किती? हरित मानांकन केवळ आराखड्याला मिळालेले पूर्व-प्रमाणन आहे, की बांधून झालेल्या इमारतीचे? एवढे सांगणारी चार साधी वाक्ये कोणत्याही अनुप्रासापेक्षा अधिक विश्वास कमावतील, असे आम्हांस वाटते.

आपले कित्येक विद्यार्थी उद्या हाच मजकूर लिहिणार आहेत आणि त्यावर विसंबून कुणीतरी वीस वर्षांचे कर्ज काढणार आहे. व्यावहारिक मराठीच्या तासाला जाहिरातलेखन शिकवताना प्रत्येक विशेषणाला 'किती?' आणि 'कशावरून?' हे दोन प्रश्न विचारण्याची सवय आपण त्यांना लावली पाहिजे.