ढवळ्याशेजारी पवळ्या

दिवाळी अंक हाती पडला की बरेच वाचक आधी शेवटची पाने उलटून आपले वार्षिक भविष्य पाहतात, हे मला ठाऊक आहे. माझी त्याबद्दल तक्रार नाही. ग्रहांचा माणसावर परिणाम होतो की नाही, हा वाद त्या पानांवरच राहू द्यावा. मला आज सांगायचे आहे ते निराळेच. ग्रहाचा परिणाम खुद्द ताऱ्यावर होतो काय, या प्रश्नाने शास्त्रज्ञांना गेली पंचवीसएक वर्षे गुंतवून ठेवले आहे.

आपल्या सूर्याला याची फिकीर नाही. सर्वांत जवळचा बुध, पण तोही सरासरी ५ कोटी ८० लाख किलोमीटरांवर. १९९५ साली मात्र मायोर आणि केलो यांनी ५१ पेगासी या ताऱ्याभोवती अवघ्या चार दिवसांत फेरी मारणारा, गुरूच्या जातीचा ग्रह शोधून काढला. पुढे तसे शेकडो सापडले. इतक्या जवळ नांदणाऱ्या दोघांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांत अडकणारच, असा तर्क निघाला. त्याला घरचाच दाखला होता. गुरूकडून येणाऱ्या रेडिओलहरींचे झोत त्याचा चंद्र आयो कोठे आहे यावर अवलंबून असतात, हे बिग यांनी १९६४ सालीच दाखवले होते.

ताऱ्याचे चुंबकत्व अजमावायचे ते क्ष-किरणांनी. खग्रास ग्रहणात सूर्याभोवती जे प्रभामंडळ दिसते, तसे इतर ताऱ्यांनाही असते. चुंबकत्वामुळे ते लाखो अंश तापते आणि क्ष-किरण फेकते. तरुण तारा स्वतःभोवती झपाट्याने फिरतो, म्हणून त्याचे क्ष-किरण भरपूर; वय झाले की गिरकी मंदावते आणि तेही ओसरतात. थोडक्यात, क्ष-किरण म्हणजे ताऱ्याचा जन्मदाखला! पृथ्वीचे वातावरण हे किरण अडवते, म्हणून १९९९ साली ‘चंद्रा’ आणि ‘एक्सएमएम-न्यूटन’ या दुर्बिणी अंतराळात पाठवल्या गेल्या. पहिलीला नाव दिले आहे ते सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचे.

आता एका ताऱ्याची हकिगत ऐका. दिवाळीत संध्याकाळी पश्चिमेकडे अभिजित, श्रवण आणि हंस यांचा मोठा त्रिकोण दिसतो. त्याच्या पोटात एचडी १८९७३३ हा तारा आहे. सुमारे ६४ प्रकाशवर्षे दूर, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. २००५ साली सापडलेला त्याचा ग्रह ४७ लाख किलोमीटरांवरून २.२ दिवसांत प्रदक्षिणा घालतो. पिल्लितेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ ते २०१२ या काळात तीनदा पाहिले, की ग्रह ताऱ्याआडून बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात क्ष-किरणांचा भडका उडतो.

याहून मौजेची गोष्ट त्याच्या भावाची. याच ताऱ्याबरोबर जन्मलेला एक लहान तांबडा तारा त्याच्या सोबतीला आहे. २०१४ साली दोघांचे जन्मदाखले ताडून पाहिले, तर भाऊ पाच अब्ज वर्षांहून जुना आणि हा मात्र एकदोन अब्जांचा! जुळ्यांच्या वयात एवढे अंतर कसे? जवळच्या ग्रहाने ताऱ्याची गिरकी मंदावू दिली नाही, असे अनुमान निघाले. त्याच वर्षी ‘चंद्रा’ने वास्प-१८ हा तारा पाहिला, तेव्हा उलटाच प्रकार दिसला. गुरूच्या दसपट वजनाचा ग्रह २३ तासांच्या आत ज्याच्याभोवती फिरतो, तो हा तारा वयाने तरुण. पण क्ष-किरण जवळजवळ नाहीतच. ग्रहाच्या ओढीने त्याच्या पोटातली खळबळ थंडावली असावी, असे संशोधकांचे मत. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, की वाण नाही तरी गुण लागतो, तो असा.

मात्र संशयही तितकाच जागा आहे. भडके ताऱ्यांवर एरवीही उडतात. २०१९ साली एचडी १८९७३३ ची सारी निरीक्षणे पुन्हा तपासली गेली, तेव्हा ग्रहाचा हात सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष निघाला. आपल्या नारायणगावजवळ खोडदला असलेल्या ३० तबकड्यांच्या रेडिओ दुर्बिणीनेही या ग्रहाचा कानोसा घेतला होता. २००९ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला, पण ग्रहाचा आवाज काही ऐकू आला नाही. उलट २०२५ साली एचआयपी ६७५२२ या कोवळ्या ताऱ्यावरचे १५ भडके तपासले, तर ते ग्रह समोरून जाण्याच्या सुमारास दाटीने येतात असे आढळले.

हा वाद पोकळ नाही. एखाद्या ग्रहावर जीवसृष्टी उमलायला वेळ मिळाला की नाही, हे ताऱ्याच्या वयावरूनच ठरते. आणि दाखलाच खोटा निघाला तर पुढचे सारे गणित फसते. ज्योतिषी पत्रिका मांडताना आधी ग्रह पाहतो. वाचकहो, ताऱ्याची जन्मतारीख काढणाऱ्यालाही आता तेच करावे लागते.