चांदीचा चमचा आणि सुशिक्षितांची अंधश्रद्धा

दारावर लिंबू-मिरची टांगणाऱ्याला आपण हसतो. परंतु अर्धी उरलेली शॅम्पेनची बाटली फ्रिजमध्ये ठेवताना तिच्या तोंडात चांदीचा चमचा उलटा खोचणाऱ्याला कोणी हसल्याचे आम्हांस ठाऊक नाही. चमच्याचा दांडा बाटलीच्या गळ्यात लोंबत राहिला की आतले बुडबुडे दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतात, असा हा फ्रान्समध्ये पिढ्यानपिढ्या चालत आलेला समज. तो फ्रेंच आहे आणि चांदीचा आहे, एवढ्या पुण्याईवर त्याला 'युक्ती' ही पदवी मिळाली. त्याला शेंदूर फासलेला असता तर आपण कोणता शब्द वापरला असता, हे सांगावयास नको.

बरे, समज खोटा ठरवणे अवघड होते असेही नाही. १९९४ साली स्टॅनफर्डचे रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड झेर आणि पाकविज्ञानाचे लेखक हॅरल्ड मॅगी यांनी चाखणारी मंडळी जमवून परीक्षा घेतली. चमच्याचा काडीचाही प्रभाव आढळला नाही. त्याच सुमारास खुद्द शॅम्पेन प्रांतात, एपर्ने येथे, उत्पादकांच्या संस्थेने बाटल्यांमधील दाब मोजून पाहिला. चमचा चांदीचा असो वा स्टीलचा, उघडी बाटली ती उघडीच. दाब राखते ते केवळ घट्ट बसणारे बूच. ज्यांच्या घरची ही वाइन, त्यांनीच निकाल दिला. तरीही चमचा आपला जागच्या जागी!

त्याचे कारण मौजेचे आहे. चमचा लावलेल्या बाटलीत दुसऱ्या दिवशी खरोखरच बुडबुडे सापडतात. मात्र ते चमचा न लावलेल्या बाटलीतही सापडतात, आणि ती बाटली कोणी शेजारी ठेवून पाहत नाही. न उघडलेल्या बाटलीत सुमारे ६ वातावरणांचा दाब असतो आणि दर लिटरला ११-१२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. बूच उडाले की तो सारा निसटू पाहतो. पण बुडबुडा शून्यातून जन्मत नाही, त्याला आधार लागतो. रँस विद्यापीठाचे जेरार लिजे-बेलेर यांनी दाखवून दिले की पेल्यातील बुडबुडे बहुधा काचेला चिकटलेल्या कापडाच्या वा कागदाच्या सूक्ष्म तंतूंपासून उठतात. बाटलीच्या गुळगुळीत भिंतीवर असे आधार थोडे. त्यात थंडी असली की वायू द्रवात अधिक रमतो. म्हणून तो सावकाश जातो, आणि श्रेय चमच्याला मिळते.

याच कुळातला दुसरा उपचार म्हणजे मंदावलेल्या वाइनमध्ये बेदाणा टाकणे. बेदाण्याच्या सुरकुत्यांमुळे बुडबुड्यांना नवे आधार मिळतात, क्षणभर पेला उसळतो, आणि उरलासुरला वायूही निघून जातो. घरातले शेवटचे दागिने विकून केलेल्या लग्नाच्या थाटासारखा हा प्रकार. साध्या वाइनसाठी मिळणारा हवा ओढून घेणारा पंप तर येथे उघड शत्रूच. जे राखायचे तेच तो शोषून काढतो. उपाय रुक्ष आहे: दोन बाजूंच्या पकडींनी गळ्याला घट्ट धरणारे बूच आणि फ्रिज. ओततानाही पेला तिरका धरावा. तसे केल्यास वायू कमी जातो, हे लिजे-बेलेर यांच्याच गटाने २०१० साली मोजून दाखवले आहे.

आमचा खरा राग मात्र चमच्यावर नाही. तो बिचारा निरुपद्रवी. राग आहे तो त्याच्या जुळ्या भावावर: उघडलेली बाटली त्याच रात्री संपवलीच पाहिजे, नाहीतर ती 'मेली', या फर्मानावर. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत १२ टक्के मद्यार्क धरला तर सुमारे ७० ग्रॅम शुद्ध मद्यार्क होतो. दोघांनी तो एका बैठकीत पोटात घालायचा, आणि तोही तहान वा रुची म्हणून नव्हे, तर बुडबुडे वाया जातील म्हणून? याला रसिकता म्हणणाऱ्यांना साष्टांग नमस्कार. दिंडोरी परिसरातही आता फेसाळ वाइन होते. तेव्हा हा शिष्टाचार परका म्हणून सोडून देण्याची सोय आपल्यालाही राहिलेली नाही.

आणि 'मेली' म्हणजे काय? शॅम्पेन जन्मतःच फेसाळ नसते. आधी साधी, शांत वाइन होते. तिच्यात साखर व यीस्ट घालून बाटलीत दुसऱ्यांदा आंबवतात, तेव्हा बुडबुडे येतात. १७१५ साली निधन पावलेले डॉम पेरिन्यों यांना या फेसाचे जनक मानतात. पण त्या मठवासीयाच्या काळी बुडबुडे हा दोष समजला जाई, आणि त्याचा खटाटोप तो टाळण्याकडेच अधिक होता. त्या प्रांतात बूझीसारख्या गावी बिनफेसाची वाइन आजही आवडीने करतात. म्हणजे फेस ओसरलेली बाटली मेलेली नसते, केवळ तिचा साज उतरलेला असतो. तिच्यातली आम्लता जागच्या जागी असते, आणि स्वयंपाकघराला तीच हवी असते. बारीक चिरलेल्या छोट्या कांद्यांबरोबर ती आटवून वर साय घातली की माशावरचा उत्तम सॉस होतो. अंड्याचा बलक व साखर तिच्यासह मंद आचेवर घोटली की साबायों तयार. (फेस येथे बलक आणतो, बाटलीवर भार नाही.)

त्यानेही संपली नाही, तर रँसचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. बाटलीतील गाळ काढताना सांडणारी वाइन तेथे फेकून न देता तिचा शिरका करण्याची जुनी परंपरा आहे. घरीही रुंद तोंडाच्या बरणीत वाइन ओतावी, थोडे पाणी व जुना, न उकळलेला शिरका घालावा, तोंडाला फडके बांधावे आणि काही आठवडे विसरून जावे. बरणीतला शिरका ढवळायला चमचा लागलाच, तर लाकडाचा घ्यावा.